ट्रम्पेट ते छडी : एका प्रवासाचा अर्थ

अमेरिकेतील पिट्सबर्ग सिम्फनी या नामांकित वाद्यवृंदाने 2020 साली बायरन स्ट्रिप्लिंग या कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादकाची 'प्रिन्सिपल पॉप्स कंडक्टर' म्हणून नेमणूक केली. वरवर पाहता ही एका कलावंताच्या बढतीची बातमी आहे. परंतु मी संगीताचा जाणकार नव्हे, इतिहासाचा शिक्षक आहे. आणि इतिहासाच्या शिक्षकाला अशा बातमीच्या मागे उभा असलेला काळ दिसतो. वाद्य वाजवणारा हात आणि वाद्यवृंद चालवणारा हात यांत अमेरिकेने किती मोठे अंतर राखले होते, ते अंतर कुणी कसे तोडले आणि किती तोडायचे राहिले, हा या लेखाचा विषय आहे.

पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा कंडक्टर म्हणजे समोर उभा राहून हातातल्या छडीने साऱ्या वादकांना चालवणारा संचालक. तो स्वतः एकही सूर वाजवत नाही. पण सत्तर-ऐंशी वादकांनी केव्हा सुरू करायचे, किती जलद जायचे, कुणी पुढे यायचे आणि कुणी दबून राहायचे, हे तो ठरवतो. ट्रम्पेट हे कौशल्य आहे. छडी हा अधिकार आहे. काळ्या माणसाचे कौशल्य अमेरिकेने नेहमीच वापरले, त्यावर टाळ्याही वाजवल्या. अधिकाराची गोष्ट निघाली की मात्र टाळ्या थांबत.

हे आपल्याला नवे नाही. पालखीपुढे हलगी वाजवणारा देवळाच्या पायरीखालीच उभा राहत असे. त्याच्या वाद्यावाचून मिरवणूक निघत नसे आणि त्याला मात्र मिरवणुकीचा मान नसे.

1956 साली न्यूयॉर्कच्या लुइसन स्टेडियममध्ये एक प्रसंग घडला. लुई आर्मस्ट्राँग 'सेंट लुईस ब्लूज' वाजवत होता. या माणसाने न्यू ऑर्लीन्सच्या काळ्या मुलांच्या सुधारगृहात कॉर्नेट हाती घेतले होते आणि पुढे विसाव्या शतकाच्या संगीताचे वळण बदलून टाकले होते. त्याच्या मागे सिम्फनीचा मोठा वाद्यवृंद होता. ती रचना ज्यांची, ते वृद्ध कृष्णवर्णीय संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी श्रोत्यांत बसले होते. आणि छडी होती लिओनार्ड बर्नस्टाइन या गोऱ्या संचालकाच्या हाती. बर्नस्टाइन उदारमतवादी होता, आर्मस्ट्राँगविषयी त्याला मनापासून आदर होता. म्हणूनच हा प्रसंग बोलका आहे. दुष्टपणा नसतानाही जागांची वाटणी ठरलेलीच होती. रचना काळ्याची, श्वास काळ्याचा, छडी गोऱ्याची.

मग काळ्यांमध्ये संचालक नव्हतेच काय? होते. 1910 साली जेम्स रीझ युरोप यांनी न्यूयॉर्कमध्ये काळ्या वादकांची 'क्लेफ क्लब' ही संघटना उभारली आणि 1912 साली शंभरावर काळ्या वादकांचा वाद्यवृंद कार्नेगी हॉलमध्ये नेऊन स्वतः चालवला. पॉल व्हाइटमन या गोऱ्या बँडप्रमुखाने 1924 साली आपल्या गोऱ्या वादकांसह 'आधुनिक संगीतातील प्रयोग' सादर केला, त्याच्या बारा वर्षे आधीची ही गोष्ट. तरीही 'जॅझचा राजा' ही पदवी मिरवली ती व्हाइटमनने. इतिहास कुणाला मुकुट घालतो आणि कुणाला तळटीपेत ठेवतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधावे लागणार नाही.

युरोप यांच्या वाद्यवृंदातला एक कॉर्नेटवादक, क्रिकेट स्मिथ, पुढे देश सोडून जगभर फिरला आणि 1936 साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात स्वतःचा बँड चालवू लागला. आपल्या देशात न मिळालेली प्रतिष्ठा काळे वादक पॅरिसमध्ये, शांघायमध्ये, मुंबईत शोधत होते. त्याच 1936 साली, त्याच मुंबईत, दादरला मुंबई इलाखा महार परिषद भरली होती आणि बाबासाहेब धर्मांतराची मीमांसा करत होते. ताजच्या नृत्यगृहातला काळा बँडप्रमुख आणि नायगावच्या मंडपातला समाज यांची गाठ पडल्याचे कुठे नोंदलेले नाही. एका शहरात, एका वर्षी, दोन उपेक्षित इतिहास एकमेकांना न ओळखता शेजारून गेले.

सिम्फनीच्या दुनियेत तर काळ्या संचालकाला देशच सोडावा लागला. डीन डिक्सन यांनी 1941 साली न्यूयॉर्कच्या पहिल्या प्रतीच्या वाद्यवृंदांचे संचालन केले होते. तरी कायम जागा कुणी दिली नाही. 1949 साली ते युरोपला गेले. स्वीडनमधील गोथेनबर्ग, मग फ्रँकफर्ट रेडिओ, मध्ये सिडनी अशा जागांवर त्यांनी आयुष्य काढले आणि मायदेशातल्या मोठ्या वाद्यवृंदापुढे ते पुन्हा उभे राहिले ते 1970 साली, पाहुणे म्हणून. दरम्यान 1968 साली हेन्री लुईस न्यू जर्सी सिम्फनीचे संगीत-दिग्दर्शक झाले, तेव्हा कुठे अमेरिकेतील एका मोठ्या वाद्यवृंदाची सूत्रे प्रथमच काळ्या हाती आली.

आता 'पॉप्स' म्हणजे काय ते पाहू. बॉस्टन सिम्फनीने 1885 साली उन्हाळ्यात हलक्याफुलक्या संगीताचे कार्यक्रम सुरू केले. श्रोते टेबलाभोवती बसत, खाणेपिणे चाले, वाल्ट्झ आणि लोकप्रिय धून वाजत. आर्थर फीडलर यांनी 1930 ते 1979 अशी जवळजवळ पन्नास वर्षे बॉस्टन पॉप्स चालवले आणि त्याला घराघरांत पोहोचवले. पुढे बहुतेक मोठ्या वाद्यवृंदांनी हा मार्ग धरला. पॉप्समुळे तिकिटे खपतात आणि बीथोवनच्या मैफलींना आधार मिळतो. पण प्रतिष्ठेच्या उतरंडीत मान बीथोवनचा. पॉप्स म्हणजे ओसरी. कमावते ती ओसरी आणि मिरवते ते माजघर.

जॅझच्या ट्रम्पेटवादकासाठी या ओसरीवरून छडीकडे जाणारी एक वाट तयार झाली. डॉक सेव्हरिन्सन हे तिचे ठळक उदाहरण. 'द टुनाइट शो' या दूरदर्शन-कार्यक्रमाच्या बँडचे ते 1967 ते 1992 प्रमुख होते. नंतर फिनिक्स, मिनेसोटा, मिलवॉकी अशा वाद्यवृंदांचे पॉप्स कंडक्टर झाले. वादक म्हणून त्यांची योग्यता वादातीत आहे. पण त्याच बँडच्या ट्रम्पेटच्या रांगेत त्यांच्या शेजारी क्लार्क टेरी बसत असत. 1960 साली एनबीसी या कंपनीच्या नोकरीत घेतलेले ते पहिले कृष्णवर्णीय वादक. रांग एक, वाद्य एक, दोघेही अव्वल. एक जण बँडच्या प्रमुखपदावरून पुढे सिम्फनीच्या छडीपर्यंत गेला. दुसऱ्याने आपली विद्या शेकडो तरुणांना वाटली.

बायरन स्ट्रिप्लिंग यांनी ज्यांच्या बँडमध्ये वाजवले, त्या थोरांत हे क्लार्क टेरी आहेत. स्ट्रिप्लिंग यांचा जन्म 1961 सालचा, अटलांटाचा. रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीत विद्यालयात ते शिकले. काउंट बेसीच्या मृत्यूनंतर थॅड जोन्स आणि पुढे फ्रँक फॉस्टर यांनी बेसीचा वाद्यवृंद चालवला. त्यात स्ट्रिप्लिंग लीड ट्रम्पेटच्या जागेवर होते. डिझी गिलेस्पी, लायोनेल हॅम्प्टन यांच्याबरोबर ते वाजवत राहिले. आर्मस्ट्राँगच्या जीवनावरील संगीतनाटकात त्यांनी आर्मस्ट्राँगची भूमिका केली. अनेक सिम्फनी वाद्यवृंदांपुढे ते एकल वादक आणि गायक म्हणून उभे राहिले. 2002 साली ओहायोतील कोलंबस जॅझ ऑर्केस्ट्राचे कलादिग्दर्शक झाले आणि 2020 साली पिट्सबर्गची छडी त्यांच्या हाती आली.

यात 'लीड ट्रम्पेट' हा शब्द महत्त्वाचा आहे. जॅझच्या मोठ्या बँडमध्ये लीड ट्रम्पेटवादक वाक्य कसे उचलायचे, कुठे तोडायचे, सूर किती ओढायचा हे ठरवतो आणि सारी फुंकवाद्ये त्याच्यामागे जातात. छडी नसलेला संचालकच तो. शिवाय जॅझचा झोल कागदावर पूर्ण उतरत नाही; सारख्या लांबीचे लिहिलेले दोन सूर वाजवताना लहानमोठे होतात. सिम्फनीचा व्हायोलिनवादक कागदाशी प्रामाणिक राहायला शिकलेला असतो. पॉप्सच्या मोजक्या तालमींत त्याला तो झोल समजावून द्यायचा तर तो स्वतःच्या श्वासातून शिकलेला माणूसच लागतो. म्हणजे स्ट्रिप्लिंग यांना छडी मिळाली ती कृपा म्हणून नव्हे. जी विद्या या संस्थांनी एके काळी दाराबाहेर ठेवली, तिची त्यांना आता गरज पडली.

आणि पिट्सबर्ग हे शहर त्या विद्येचे माहेरघर आहे. रॉय एल्ड्रिज या थोर ट्रम्पेटवादकाचा जन्म 1911 साली इथलाच. 1940 च्या दशकात गोऱ्यांच्या बँडमध्ये वाजवताना, ज्या सभागृहाबाहेर त्याच्या नावाची जाहिरात होती त्याच्याच दारात त्याला अडवले गेले. शहराचा 'हिल डिस्ट्रिक्ट' हा काळ्यांचा भाग जॅझने गजबजलेला होता. 1950 च्या दशकात 'शहर-सुधारणे'च्या नावाखाली त्याचा खालचा भाग पाडला गेला आणि आठ हजारांवर माणसे विस्थापित झाली. तिथे सिव्हिक अरीना उभी राहिली. हलक्या संगीतनाटकांसाठी छप्पर उघडता यावे अशी तिची योजना होती. ती 1961 साली खुली झाली, म्हणजे स्ट्रिप्लिंग यांच्या जन्मवर्षी. पुढे ती अरीनाही पाडली गेली. एका समाजाची गाणारी वस्ती उठवून दुसऱ्याच्या गाण्यासाठी मंच बांधला, त्याच शहराच्या मंचावर साठ वर्षांनी एक काळा संचालक उभा राहिला, हे विसरून त्या नेमणुकीचे कौतुक करता येणार नाही.

आता खरा प्रश्न. समोर काळा माणूस उभा राहिला. त्याच्यापुढे बसलेल्यांचे काय? 1969 साली दोन काळ्या वादकांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकविरुद्ध भेदभावाची तक्रार केली. शहराच्या मानवी हक्क आयोगाने 1970 साली त्यांच्या कायम नेमणुकीबाबतचा आरोप मान्य केला नाही, पण बदली वादक घेण्याच्या पद्धतीत भेदभाव आढळल्याचे म्हटले. कारण ते ओळखीपाळखीने घेतले जात. त्या दशकात पडद्याआडून परीक्षा घेण्याची प्रथा पसरली. परीक्षकाला वादक दिसू नये, फक्त सूर ऐकू यावा. स्त्रियांना या काळात पुष्कळ जागा मिळाल्या. पण काळ्या वादकांचे प्रमाण, अमेरिकन वाद्यवृंदांच्या महासंघाच्या पाहणीनुसार, 2014 साली 1.8 टक्के होते. देशाच्या लोकसंख्येत काळे सुमारे 13 टक्के आहेत.

'निव्वळ गुणवत्ता' म्हणणाऱ्यांना हा पडदा मोठा न्यायी वाटतो. पडदा रंग झाकतो, हे खरे. पण पडद्यापर्यंत पोहोचायला लहानपणापासून शिक्षक, महागडे वाद्य, तालमीला जागा आणि परीक्षेच्या प्रवासाचा खर्च लागतो. तो कुणाकडे होता, हे पडदा विचारत नाही. आपल्याकडे प्रवेशपरीक्षेच्या गुणांचा हिशोब मांडणारेही हेच विचारत नाहीत.

आणि कंडक्टरसाठी तर पडदा नसतोच. त्याची निवड चेहरा पाहून, हातवारे पाहून, देणगीदारांना तो आवडेल का हे पाहून होते. म्हणून ही जागा सर्वांत उशिरा मिळते. तीतही भेद आहे. वाद्यवृंदात कुणाला घ्यायचे यात संगीत-दिग्दर्शकाचा शब्द चालतो. पॉप्स कंडक्टरचा साधारणतः चालत नाही. छडी हाती येते, यादी येत नाही.

म्हणून स्ट्रिप्लिंग यांचा प्रवास मी दोन अंगांनी वाचतो. त्यांनी आर्मस्ट्राँगचा वारसा कमीपणा न घेता सिम्फनीच्या मंचावर नेला, ट्रम्पेट खाली न ठेवता छडी घेतली. हा विजय आहे आणि तो त्यांच्या कष्टांचा आहे. पण संस्थेचा हिशोब एका माणसाच्या उंचीवरून चुकता होत नाही. आपल्यातलाही एखादा संमेलनाच्या अध्यक्षपदी, विद्यापीठाच्या मंचावर, आकाशवाणीच्या खुर्चीत दिसतो तेव्हा आपण हार घालून घरी येतो. हार जरूर घालावा. मात्र त्याच सभेत निवड समितीत कोण होते, कायम जागांवर कोण आहेत आणि पुढच्या वर्षी कुणाची नावे पुढे येणार, हेही उभे राहून विचारावे. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे.