एक्केचाळीस मतं आणि एक ‘शकेल’

सप्टेंबर २००६. मी तेव्हा फ्रीमॉन्टला राहायचो, ऑनसाइटचं दुसरं वर्ष चालू होतं. एका शनिवारी आम्ही चौघं रूममेटच्या नव्याकोऱ्या प्रियसमधून पॉइंट रेयेसला निघालो. नवी गाडी म्हटल्यावर कौतुक आलंच, पण आमच्या मित्राला गाडीपेक्षा बंपरवरच्या पिवळ्या स्टिकरचं कौतुक जास्त. तो स्टिकर असला की गाडीत एकटा माणूस असला तरी कारपूल लेनमधून जाता यायचं. ऑफिसच्या वेळेला ८८० वर बाकीचे मुंगीच्या पावलांनी सरकतायत आणि हा पठ्ठ्या भुर्रकन पुढे! रिचमंडचा पूल जवळ आला तशा टेकडीवरच्या तेलाच्या टाक्या दिसायला लागल्या, गाडीत कसलासा उग्र वास शिरला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अरे काच वर घे!" काचा वर गेल्या. रेडिओवर आर्नॉल्ड श्वार्झनेगर सही करणार असलेल्या हवामानाच्या कायद्याची बातमी चालू होती. "टर्मिनेटर आता कार्बन डायऑक्साइडला मारणार," असा एक फालतू जोक झाला (माझाच होता, कबूल) आणि विषय संपला.

गेल्या विकांताला जुने फोटो चाळताना तो पिवळा स्टिकर दिसला आणि डोक्यात किडा वळवळला. हा स्टिकर आणला कुणी? शोधत गेलो तर नाव निघालं फ्रॅन पेव्हली. आणि रेडिओवरच्या त्या कायद्याची कर्ती कोण? तर पुन्हा फ्रॅन पेव्हलीच. या बाई मूळच्या शाळेत शिकवणाऱ्या. अगूरा हिल्स नावाच्या छोट्या गावाच्या पहिल्या महापौर झाल्या आणि २००० साली कॅलिफोर्नियाच्या विधानसभेत निवडून आल्या. मग काय, शनिवार-रविवार दोन्ही गेले. कपडे मशीनमध्ये तसेच राहिले.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत गाड्यांच्या धुराचे नियम केंद्र सरकार करतं, राज्यांनी त्यात लुडबुड करायची नाही. अपवाद एकट्या कॅलिफोर्नियाला. कारण लॉस एंजेलिसचा स्मॉग. १९४३ च्या जुलैत तिथे धुरकं इतकं दाटलं की जपान्यांनी विषारी वायू सोडला असं लोकांना वाटलं होतं. पुढे आरी हागेन-स्मिट या डच शास्त्रज्ञाने दाखवलं की हे गाड्यांच्या आणि रिफायनऱ्यांच्या धुराचं उन्हात होणारं रसायन आहे. केंद्राच्या आधीच या राज्याने स्वतःचे नियम केले होते, म्हणून १९६७ च्या केंद्रीय कायद्यात त्याला वेगळी सवलत मिळाली. मात्र प्रत्येक वेळी केंद्राची परवानगी घ्यायची. ही अट पुढे नडणार आहे.

आता २००२. पेव्हलीबाईंचं विधेयक होतं एबी १०५८. गाड्यांमधून निघणाऱ्या हरितगृह वायूंवर राज्याच्या हवा मंडळाने (कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड) मर्यादा घालावी, एवढंच. अमेरिकेत असा कायदा तोवर एकाही राज्यात नव्हता. विधेयक विधानसभेतून सिनेटमध्ये गेलं, तिथून बदल होऊन शेवटच्या मंजुरीसाठी परत आलं, आणि तिथेच लटकलं. गाड्या बनवणारे आणि विकणारे रेडिओ-टीव्हीवर जाहिराती घेऊन उतरले. तुमची एसयूव्ही जाणार, मिनीव्हॅन जाणार, पेट्रोलवर कर बसणार. लोक आपापल्या आमदाराला फोन करकरून सांगायला लागले, १०५८ ला मत देऊ नका!

मग सभागृहातल्या नेत्यांनी जे केलं ते वाचून मी खुर्चीतून पडायचा बाकी होतो. एबी १४९३ नावाचं एक दुसरंच विधेयक पडून होतं. त्यातला सगळा मजकूर काढून टाकला आणि त्यात हा मजकूर भरला. व्हेरिएबलचं नाव बदललं! जाहिराती १०५८ च्या नावाने ओरडतायत आणि सभागृहात १०५८ नाहीच. आपल्याकडे कोड रिव्ह्यूमध्ये कुणी असं केलं तर त्याची खैर नाही. तिथे ही जुनी, मान्य असलेली चाल आहे.

पण नुसतं नाव बदललं नाही. नव्या मजकुरात एक यादी घातली, आणि ती मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते. हवा मंडळाने काय करायचं *नाही* याची यादी! गाडीवर, इंधनावर किंवा चालवलेल्या मैलांवर नवा कर लावायचा नाही. कुठल्याही प्रकारच्या गाडीच्या विक्रीवर बंदी नाही, आणि इथे एसयूव्हीचा मुद्दाम नावानिशी उल्लेख. गाडीचं वजन कमी करायला सांगायचं नाही. वेगमर्यादा कमी करायची नाही. लोकांनी किती मैल गाडी चालवायची यावर बंधन नाही. आपण डिझाइन डॉक्युमेंटमध्ये ‘नॉन-गोल्स’ लिहितो ना, अगदी तस्सं. जाहिरातीतली भीती एकेक करून कायद्याच्या मजकुरातच खोडून काढली.

तरीही मतं जुळता जुळत नव्हती. तिथला नियम आपल्यापेक्षा वेगळा आहे. आपल्या विधानसभेत हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत लागतं. तिथे एकूण जागांचं लागतं: ८० पैकी ४१. म्हणजे कुणी गप्प बसून राहिला तरी त्याचा परिणाम विरोधी मताइतकाच. १ जुलै २००२ ला मतदान झालं, ४१ विरुद्ध ३०. बेरीज करून बघा, नऊ जणांनी मतच दिलं नाही. आणि बाजूची मतं बरोब्बर लागतील तेवढीच, एकही जास्त नाही. त्याच महिन्यात गव्हर्नर ग्रे डेव्हिसने सही केली.

त्यानंतरचं भराभर सांगतो. गाडी कंपन्या कोर्टात गेल्या. केंद्राने डिसेंबर २००७ मध्ये परवानगी नाकारली आणि जून २००९ मध्ये, ओबामा आल्यावर, दिली. दरम्यान इतर अनेक राज्यांनी कॅलिफोर्नियाचेच नियम उचलले होते. शेवटी त्याच धर्तीवर देशभराचे नियम झाले.

आता आमच्या रेडिओवरचा कायदा, एबी ३२. पेव्हली आणि सभापती फाबियान नुन्येज या दोघांचा. लक्ष्य असं की २०२० पर्यंत राज्याचं एकूण उत्सर्जन १९९० च्या पातळीवर आणायचं. फक्त गाड्या नाहीत, वीज, सिमेंट, रिफायनऱ्या, सगळं. गव्हर्नर रिपब्लिकन, विधिमंडळ डेमोक्रॅट्सच्या हातात. लक्ष्याबद्दल दोघांचं भांडण नव्हतंच, ते लक्ष्य आर्नॉल्डने स्वतः २००५ मध्येच जाहीर केलं होतं. भांडण होतं ते एका क्रियापदावरून.

आर्नॉल्डला हवी होती बाजारपेठ, म्हणजे कॅप अँड ट्रेड. सरकारने एकूण मर्यादा ठरवायची, तेवढेच परवाने काढायचे, आणि कंपन्यांनी ते आपापसात विकत घ्यायचे-विकायचे. ज्याला धूर कमी करणं स्वस्तात जमतं तो करेल, ज्याला महाग पडतं तो परवाना विकत घेईल. डेमोक्रॅट्सच्या मागे उभ्या असलेल्या वस्ती-वस्तीतल्या संघटनांना नेमकं हेच नको होतं. का, ते नीट समजून घ्यायला हवं. कार्बन डायऑक्साइडचा एक टन रिचमंडमध्ये वाचवला काय किंवा दुसऱ्या राज्यातल्या जंगलात, वातावरणाला फरक पडत नाही. पण रिफायनरीच्या धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड एकटा येत नाही. त्याच्याबरोबर बारीक धूलिकण येतात, गंधकाचे, नायट्रोजनचे वायू येतात, आणि ते शेजारच्याच माणसाच्या छातीत जातात. रिफायनरीने परवाना विकत घेतला तर हिशोब जुळतो, शेजाऱ्याची हवा तशीच राहते.

अधिवेशन संपत आलेलं असताना तोड निघाली. कायद्यात लिहिलं गेलं की हवा मंडळ बाजारपेठेची पद्धत वापरू ‘शकेल’. ‘वापरील’ नाही, ‘वापरणार नाही’ही नाही. आपल्यापैकी ज्यांनी आरएफसी २११९ वाचलंय त्यांना ‘मस्ट’ आणि ‘मे’ यातला फरक सांगायला नको. शिवाय असं जोडलं की ही पद्धत आणण्याआधी आधीच प्रदूषणाने गांजलेल्या वस्त्यांवर काय परिणाम होईल ते मंडळाने तपासायचं, आणि अशा वस्त्यांच्या प्रतिनिधींची एक सल्लागार समिती नेमायची. आर्नॉल्डला त्याच्या बाजूने आणीबाणीचं बटण मिळालं: मोठं संकट आलं तर गव्हर्नर मुदती एक वर्षापर्यंत पुढे ढकलू शकेल. ३१ ऑगस्टला विधानसभेत ४६ विरुद्ध ३१ ने मंजूर. गव्हर्नरच्या स्वतःच्या पक्षातल्या जवळजवळ सगळ्यांनी विरोधात मत दिलं. २७ सप्टेंबरला ट्रेझर आयलंडवर, मागे सॅन फ्रान्सिस्को, अशी झोकात सही झाली. आणि महिना उलटायच्या आत आर्नॉल्डने आदेश काढून मंडळाला बाजारपेठेच्या दिशेने वळवलं. ‘शकेल’ चा अर्थ ज्याच्या हातात पेन तोच लावतो.

त्या सल्लागार समितीचं पुढे काय झालं? २००८ मध्ये कायद्यानेच नेमलेल्या या समितीने कॅप अँड ट्रेडला विरोध केला. मंडळाने ऐकून घेतलं आणि पुढे गेलं. संघटना कोर्टात गेल्या. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायाधीशाने म्हटलं की मंडळाने इतर पर्याय पुरेसे तपासलेच नाहीत. मंडळाने पर्याय पुन्हा तपासले, निष्कर्ष तोच काढला, आणि २०१३ पासून बाजार सुरू झाला. त्याआधी ऑगस्ट २०१२ मध्ये रिचमंडच्या रिफायनरीत गंजलेला पाइप फुटून मोठी आग लागली आणि आसपासच्या सुमारे १५,००० लोकांना डॉक्टर गाठावा लागला. या आगीचा कॅप अँड ट्रेडशी थेट संबंध नाही, पण ‘शेजारी’ म्हणजे कोण, ते त्या आकड्यावरून कळतं.

२०१० ची एक गंमत सांगायलाच हवी. तेल कंपन्यांच्या पैशावर एबी ३२ स्थगित करायचा प्रस्ताव थेट जनतेच्या मतदानाला आला, प्रस्ताव २३. लोकांनी तो ६१ टक्क्यांहून जास्त मतांनी पाडला. सगळीकडे जल्लोष! त्याच मतपत्रिकेवर, त्याच दिवशी, प्रस्ताव २६ नावाचा एक कंटाळवाणा तांत्रिक प्रस्ताव होता. अनेक प्रकारच्या सरकारी शुल्कांना यापुढे दोन-तृतीयांश मतं लागतील असा. तो मात्र पास झाला. मला विचाराल तर त्या दिवशीचा खरा निकाल तो होता.

कारण २०१७ मध्ये बाजाराची मुदत २०२० च्या पुढे न्यायची वेळ आली, आणि कोर्टकचेरी टाळायची म्हणून गव्हर्नर जेरी ब्राऊनला दोन-तृतीयांशच हवे होते. नुसत्या डेमोक्रॅट्सच्या भरवशावर जमेना. ७९ वर्षांचा ब्राऊन स्वतः सिनेटच्या समितीसमोर जाऊन बसला आणि वैतागून म्हणाला की हे माझ्यासाठी नाही, मी तर तेव्हा नसेन, तुम्ही असाल आणि भयंकर परिस्थितीत असाल. मतं आली, पण फुकट नाही आली. एबी ३९८ मध्ये कलम घातलं की या बाजारात असलेल्या कारखान्यांच्या कार्बन डायऑक्साइडवर स्थानिक हवा जिल्ह्यांनी वेगळे नियम करायचे नाहीत. बे एरियाचा हवा जिल्हा तेव्हा रिफायनऱ्यांवर नेमकी तशीच मर्यादा घालायच्या विचारात होता. ती योजना तिथेच बारगळली. बदल्यात एबी ६१७ नावाचं जोड-विधेयक आलं, वस्त्यांमधली हवा मोजायची आणि सुधारायची. त्यात पहिल्या काही वस्त्यांमध्ये रिचमंड होतं.

१७ जुलै २०१७. विधानसभेत ५४ लागत होती, ५५ मिळाली. सिनेटमध्ये २७ लागत होती, २८ मिळाली. आठ रिपब्लिकन बाजूने गेले. विधानसभेतला त्यांचा नेता चॅड मेज त्यातलाच एक, त्याला लवकरच नेतेपद सोडावं लागलं.

मला नक्की काय वाटतं? दोन दिवस वाचूनही मी काठावरच आहे. २०२० चं लक्ष्य राज्याने २०१६ मध्येच गाठलं. त्यात मंदीचा हात होता, स्वस्त होत गेलेल्या सौर विजेचा तर मोठाच होता, पण कायदा नसता तर सौर वीज इतकी लवकर आलीच नसती असं मी मानतो. पेव्हलीबाईंनी सिनेटमध्ये जाऊन २०१६ मध्ये पुढचं लक्ष्यही पास करून घेतलं, २०३० पर्यंत आणखी ४० टक्के कमी. तडजोड केली नसती तर २००२ मध्ये चाळीसच मतं पडली असती आणि आज सांगायला काही नसतं. हे सगळं पटतं. फक्त प्रत्येक वेळी तडजोडीत जे सोडलं गेलं ते रिचमंडसारख्या वस्त्यांच्या खात्यातून, हेही तितकंच खरं, आणि ते खातं कुठल्याच मतमोजणीत दिसत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये या बाजाराला २०४५ पर्यंत मुदतवाढ मिळाली. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकन काँग्रेसने कॅलिफोर्नियाच्या गाड्यांच्या नव्या नियमांची परवानगी रद्द करणारे ठराव मंजूर केले आणि राज्य पुन्हा कोर्टात गेलं. १९६७ ची ती अट!

रविवारी रात्री त्या रूममेटला फोन लावला. तो अजून तिकडेच असतो. प्रियस कधीच विकली, आता इलेक्ट्रिक आहे. कारपूल लेनचे स्टिकर सप्टेंबर २०२५ अखेर इलेक्ट्रिक गाड्यांसाठीही बंद झाले म्हणून साहेब वैतागलेले. पिवळा स्टिकर त्याला लख्ख आठवत होता. पॉइंट रेयेसही.

"आणि तो रिचमंडचा वास?" मी विचारलं.

"वास? कसला वास?"