अर्ध्या शब्दापासून हरिसालपर्यंत

इंटरनेटचा इतिहास शिकवताना आम्ही फळ्यावर आधी दोनच अक्षरे लिहितो: 'एल' आणि 'ओ'. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे 'लॉगिन' हा शब्द पाठवला जात होता. दोन अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा बंद पडली. अमेरिकन संरक्षण खात्याच्या पैशातून उभारलेल्या 'अर्पानेट'चा हा पहिला संदेश.

१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने टीसीपी-आयपी ही नियमावली स्वीकारली. संदेशाचे तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा, मिळेल त्या वाटेने पाठवायचे आणि मुक्कामी पुन्हा जोडायचे. त्यामुळे निरनिराळी जाळी एकमेकांशी बोलू लागली. १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी 'सर्न' संस्थेने ती सर्वांना मोफत खुली केली. इल्म कोणा एकाची जहागीर नाही, हे त्यांनी कृतीने दाखवले.

भारतात १९८६ पासून 'अर्नेट'ने शिक्षणसंस्था जोडायला सुरुवात केली. सामान्य ग्राहकासाठी दार उघडले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. तेही मुंबईसारख्या महानगरांत. मेळघाटचे डोंगर आणि सागवानाचे जंगल ओलांडायला आणखी बरीच वर्षे गेली. २०१६ साली आमच्याच धारणी तालुक्यातील हरिसाल 'डिजिटल गाव' म्हणून गाजले. राज्य शासन व मायक्रोसॉफ्टच्या या उपक्रमात टीव्ही प्रक्षेपणाच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट आणण्याचा प्रयोग झाला. या लहरी झाडीतूनही दूरवर जातात.

पण लहर आली म्हणजे तालीम आली का? उर्दूचे नस्तालीक वळण संगणकाला जड गेले. वर्षानुवर्षे उर्दू मजकूर चित्र म्हणून टाकला जाई, आणि चित्रातला शब्द शोधून सापडत नसे. युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरी व अरबी या दोन्ही लिप्यांना संकेतांक दिले. २००३ मध्ये मराठी, तर २००४ मध्ये उर्दू विकिपीडिया सुरू झाला.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाईलवर आले. घरात मोबाईल एकच, तोही अब्बांसोबत कामावर. संध्याकाळी आधी भावाचा नंबर, मग बहिणीचा. काही मुली त्या वर्षी मागे पडल्या, त्या पडल्याच.

१९६९ च्या त्या रात्री तासाभरात दुरुस्ती झाली आणि पूर्ण शब्द पोहोचला. आमच्या मुलींनी किती वाट पाहावी, हे आता घराघरांतल्या वडीलधाऱ्यांनीच ठरवायचे आहे.