तेरा मिनिटांचा तंटा

आजच्या रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल तेल्यांना लोक शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. कोणत्याही कायद्याची वाट न पाहता पाळलेल्या या सुटीचे आम्हांला फार कौतुक आहे. परंतु आज आम्ही बोलणार आहोत ते यहुद्यांच्या वारांविषयी नव्हे, तर तारखांविषयी.

यहुदी महिना आपल्यासारखाच चांद्र. १९ वर्षांत ७ अधिक मास घालून तो ऋतूंशी जुळवितात. पूर्वी साक्षीदारांनी धर्मसभेपुढे येऊन चंद्रकोर पाहिल्याचे सांगावे, मग महिना जाहीर व्हावा, अशी रीत होती. पुढे ते काम गणिताने घेतले. महिना २९ दिवस, १२ तास आणि ७९३ भागांचा. तासाचे भाग १०८०. गणिताचा दिवस संध्याकाळी सहाला सुरू होतो. नववर्ष रविवारी, बुधवारी वा शुक्रवारी येऊ द्यायचे नाही. आणि तिश्री महिन्याची चंद्रसूर्ययुती मध्यान्ही किंवा नंतर झाली, तर नववर्ष पुढल्या दिवशी न्यायचे.

या मध्यान्हीवरूनच भांडण पेटले. पॅलेस्टाइनच्या बेन मेईरचे म्हणणे, मर्यादा मध्यान्हीनंतर ६४२ भागांपर्यंत धरावी. इ. स. ९२३ मधली तिश्रीची युती शनिवारी मध्यान्हीनंतर २३७ भागांनी, म्हणजे सुमारे १३ मिनिटांनी येत होती. त्याच्या मते नववर्ष शनिवारीच. बाबिलोनच्या बाजूने उभा राहिलेला सादिया म्हणे, शनिवार गेला, रविवार निषिद्ध, म्हणून सोमवार! त्यापायी आधीची वर्षेही लहानमोठी करावी लागली, आणि ९२२ चा वल्हांडण सण एकांचा रविवारी तर दुसऱ्यांचा मंगळवारी आला. खरा प्रश्न मिनिटांचा नव्हता. तारीख जाहीर करण्याचा पॅलेस्टाइनचा जुना मान राहणार की जाणार, हा होता. संपाच्या नोटिशीचे दिवस कोणी कसे मोजायचे यावर ज्यांनी रात्री जागविल्या आहेत, त्यांना हे निराळे सांगायला नको. सरशी सादियाच्या पक्षाची झाली.

आता संगणकाकडे येऊ. १९९० साली डर्शोविट्झ आणि राइनगोल्ड यांनी लिस्प या भाषेत पंचांगांचे गणित मांडले. कोणतीही तारीख आधी दिवसांच्या एका सरळ क्रमांकात बदलायची आणि त्यावरून हव्या त्या पंचांगात उतरवायची, अशी त्यांची पद्धत. सूर्य मावळला की नाही, हे मात्र विचारणाऱ्यानेच पाहायचे.

त्यांच्या पुढील पुस्तकातील यहुदी वर्षारंभाच्या सूत्रात १२०८४ हा आकडा येतो. आमचे गणित हजेरीपटावर शिकलेले, तरी आम्ही तो फोडून पाहिला. मूळ युती सोमवारची, ५ तास २०४ भागांची. तिचे भाग ५६०४. उरले ६४८०, म्हणजे बरोबर सहा तास. तेवढे आधीच मिळविले की मध्यान्ही वा नंतर येणारी युती आपोआप पुढल्या दिवसात जाते, वेगळी अट घालावी लागत नाही. बेन मेईर जिंकला असता, तर त्या जागी ११४४२ लिहावे लागले असते.