कायद्याची इंग्रजी : द्विरुक्ती आणि शब्दयोगी अव्यये

इंग्रजी करारपत्रे, मृत्युपत्रे आणि अधिनियम यांत एकाच अर्थाचे दोन-तीन शब्द जोडून लिहिण्याची जुनी रीत आहे. ‘नल अँड व्हॉइड’, ‘गुड्स अँड चॅटल्स’ ही तिची उदाहरणे.

१०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर न्यायालयांत फ्रेंच आणि लॅटिन आल्या. कज्जे इंग्रजीत चालवावेत असा कायदा १३६२ मध्ये झाला, तरी वकिलांची फ्रेंच टिकली. पुढे १७३० च्या कायद्याने न्यायालयीन कामात इंग्रजी सक्तीची केली. देशी शब्दाला परका शब्द जोडण्याची सवय या काळातली, असे सांगतात. ते अर्धेच खरे आहे. ‘टू हॅव अँड टू होल्ड’मधले दोन्ही शब्द अस्सल इंग्रजी, तर ‘एड अँड अबेट’मधले दोन्ही फ्रेंचमधून आलेले. आपल्याकडचा ‘रद्दबातल’ही असाच एका अर्थाच्या दोन शब्दांचा जोड आहे.

प्रत्येक जोडी मात्र फालतू नसते. मृत्युपत्राने देणे या अर्थी परंपरेने ‘डिव्हाइज’ जमिनीसाठी आणि ‘बिक्वीद’ जंगम मालमत्तेसाठी वापरत. शिवाय विधिमंडळ शब्द वाया घालवत नाही, असे न्यायालय गृहीत धरते. म्हणून सवयीने घातलेल्या जादा शब्दालाही कोणी वेगळा अर्थ चिकटवू शकतो. द्विरुक्तीचा खरा धोका हा आहे. लांबी ही त्यामानाने किरकोळ तक्रार.

शब्दयोगी अव्ययांचा घोळ अधिक महाग पडतो, कारण मुदत त्यांच्यावर टांगलेली असते. ‘फ्रॉम’ म्हटले की पहिला दिवस वगळायचा आणि ‘टू’ म्हटले की शेवटचा धरायचा, असे साधारण खंड अधिनियम, १८९७ चे कलम ९ सांगते. पण ‘ऑफ’ असेल तर? परक्राम्य संलेख अधिनियमात धनादेश बँकेत सादर करण्याची सहा महिन्यांची मुदत ‘फ्रॉम’ने दिली होती; तो न वटल्यास नोटीस मिळाल्यानंतर पैसे देण्याचे पंधरा दिवस आणि फिर्यादीचा एक महिना ‘ऑफ’ने. न वटलेल्या धनादेशाच्या साकेत इंडिया प्रकरणात फिर्यादीचे कारण १५ ऑक्टोबर १९९५ रोजी घडले आणि फिर्याद १५ नोव्हेंबरला दाखल झाली. पहिला दिवस धरला तर ती मुदतबाह्य ठरत होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये तो वगळला आणि फिर्याद वाचली. त्याच वर्षी दुसऱ्या खंडपीठाने उलट मत दिले. अखेर २०१३ मध्ये इकॉन अँट्री प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी धनादेशाच्या या कलमांपुरते ‘ऑफ’ आणि ‘फ्रॉम’ सारखेच मानले व साकेत इंडियाचा निर्णय कायम केला. दोन अक्षरी शब्दावरचा हा मतभेद चौदा वर्षे राहिला; तेवढ्या काळात धनादेशाच्या फिर्यादींचे भवितव्य त्याच्याशी बांधलेले होते.

‘बिट्वीन’ही असाच संदिग्ध आहे : दोन तारखांच्या दरम्यान म्हटले की त्या दोन तारखा धरायच्या की नाही, हे त्या शब्दावरून कळत नाही. करारावर सही करणाऱ्याने मुदतीचा पहिला आणि शेवटचा दिवस तारीख घालून लिहून घ्यावा.