यकृताच्या कर्करोगांतील प्रमाण-जनुकें

बाजारांत धान्य मोजून देणाऱ्याची पायली खरी कीं खोटी, हें तिच्यावरील सरकारी शिक्का पाहून ठरवितां येतें. वजनें, मापें, गज हीं सर्व मोजावयाच्या वस्तूहून वेगळीं व तिच्यापासून अलिप्त असतात. म्हणूनच त्यांच्यावर भरंवसा टाकतां येतो. पण कापड मोजण्याचा गज जर त्याच कापडांतून फाडून घ्यावा लागला, आणि तें कापड धुतांना आटणारें किंवा ताणतांना वाढणारें निघालें, तर काय करावें? जनुकांचें कार्य मोजणाऱ्या शास्त्रज्ञांपुढें हा प्रश्न कित्येक वर्षें उभा आहे, आणि यकृताच्या कर्करोगाच्या अभ्यासांत तर त्यानें फारच बिकट रूप धारण केलें.

मनुष्याच्या बहुतेक सर्व पेशींत जनुकांचा संच एकच असतो. तरीहि यकृताची पेशी पित्त तयार करते व मेंदूची पेशी करीत नाहीं, याचें कारण असें कीं, प्रत्येक ठिकाणीं कांहीं जनुकें कामाला लागलेलीं असतात व कांहीं स्वस्थ असतात. कामाला लागलेलें जनुक आपल्या मजकुराच्या नकला काढून पेशींत पाठवितें. या नकलांना संदेशवाहक आर. एन. ए. म्हणतात, त्यांचें अस्तित्व १९६१ सालीं सिद्ध झालें. अर्थात् नकला किती आहेत हें मोजलें म्हणजे जनुक किती जोमानें काम करीत आहे तें कळतें, आणि निरोगी यकृत व कर्करोगाची गांठ यांत नेमका फरक कोठें पडला, याचाहि सुगावा लागतो.

मोजण्याचीं साधनें एकामागून एक येत गेलीं. १९७० सालीं टेमिन व बाल्टिमोर यांनीं, स्वतंत्रपणें संशोधन करून, आर. एन. ए.वरून उलट डी. एन. ए. बनविणारें द्रव्य शोधून काढलें. १९७७ सालीं स्टॅनफर्ड येथें आर. एन. ए. कागदावर उमटवून त्याच्या पट्ट्यांचा गडदपणा पाहण्याची ‘नॉर्दर्न ब्लॉट’ नांवाची रीत निघाली. १९८३ मध्यें कॅरी मुलिस यांस डी. एन. ए.च्या नकला दुपटी-दुपटीनें वाढविण्याची युक्ति सुचली, आणि १९९२-९३ च्या सुमारास रसेल हिगुची व त्यांचे सहकारी यांनीं ही वाढ चालू असतांनाच, तेजाच्या रूपानें, डोळ्यांदेखत पाहण्याची सोय केली. दुपटीचा हिशेब मोठा विलक्षण असतो. एका नकलेपासून सुरुवात केली, तर तीस फेऱ्यांनंतर सुमारें १०७ कोटी नकला होतात. यंत्र एवढेंच सांगतें कीं, ठराविक तेज कितव्या फेरीस दिसलें. एका फेरीची तफावत म्हणजे मूळ द्रव्यांत दुपटीचा फरक, दोन फेऱ्यांची म्हणजे चौपटीचा.

इतकें सूक्ष्म यंत्र हातीं आल्यावर अडचण उरूं नये, असें वाटतें. पण रोग्याच्या यकृतांतून काढलेले दोन तुकडे कधींहि तंतोतंत सारखे नसतात. एक थोडा मोठा, एक लहान, एकांतील आर. एन. ए. शस्त्रक्रियेनंतर लवकर गोठविल्यामुळें शाबूत, दुसऱ्यांतील अर्धवट कुजलेला. नकला उलटविण्याची क्रियाहि सर्व नळ्यांत सारखी होत नाहीं. म्हणून मोजावयाच्या जनुकाबरोबर त्याच नमुन्यांतील असें एक दुसरें जनुक मोजावें लागतें कीं, ज्याचें काम सर्व अवस्थांत स्थिर असतें, आणि पहिल्याचा आकडा दुसऱ्याच्या आकड्यानें भागावा लागतो. हें दुसरें तें प्रमाण-जनुक.

असें जनुक निवडणें सोपें आहे, अशी प्रारंभीं समजूत होती. पेशी जिवंत राहण्यास लागणारीं नित्याचीं कामें करणारीं कांहीं जनुकें आहेत. इंग्रजींत त्यांस ‘घर सांभाळणारीं’ असें नांव पडलें. घरांत लग्न असो कीं सुतक असो, चूल पेटतेच, तशीं हीं जनुकें सदा एकाच गतीनें चालत असावीं, असें लोकांनीं गृहीत धरलें. नांवानें केलेली ही फसवणूक होती, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. लग्नघरांतली चूल पेटते खरी, पण ती किती जळण खाते हें कोणत्याहि गृहिणीस विचारावें!

या घरकामी जनुकांत सर्वांत लोकप्रिय ठरलें तें ‘जीएपीडीएच’. याचा इतिहास पाहिला म्हणजे आश्चर्य वाटतें. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळांत बर्लिनजवळील डाहलेम येथें ऑटो वारबुर्ग यांनीं उंदरांच्या कर्करोगी गांठींचे पातळ काप घेऊन असें दाखविलें कीं, भरपूर प्राणवायु मिळत असतांहि या गांठी द्राक्षशर्करा आंबवून तिचें दुग्धाम्ल करतात, आणि तेंहि निरोगी अवयवांच्या मानानें कितीतरी अधिक वेगानें. त्यांना १९३१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तें मात्र श्वसनक्रियेंतील द्रव्याच्या संशोधनाबद्दल. पुढें १९३९ मध्यें वारबुर्ग व ख्रिश्चन यांनीं, शर्करा फोडण्याच्या दहा पायऱ्यांपैकीं सहाव्या पायरीवर काम करणारें प्रथिन यीस्टमधून काढून त्याचे स्फटिक बनविले. हेंच तें जीएपीडीएच! ज्या क्रियेचा वेग कर्करोगांत वाढतो असें स्वतः वारबुर्ग यांनीं जगाला सांगितलें, त्याच क्रियेंतील प्रथिनाचें जनुक अर्ध्या शतकानंतर कर्करोग मोजण्याचा ‘स्थिर’ गज म्हणून हातीं घेण्यांत आलें. जुने ग्रंथ कपाटांत होते. पण नवी यंत्रें वापरणाऱ्यांस ते उघडण्याची गरज वाटली नाहीं. शिवाय या जनुकाच्या साठाहून अधिक निकामी प्रती मनुष्याच्या डी. एन. ए.मध्यें विखुरलेल्या आहेत, त्यामुळें नमुन्यांत थोडा डी. एन. ए. राहून गेला तर मोजणींत आणखी घोळ होतो.

दुसरें आवडतें जनुक म्हणजे पेशीच्या सांगाड्यांतील अ‍ॅक्टिनचें. पेशी आकार बदलूं लागली, हिंडूं लागली कीं अ‍ॅक्टिनची मागणी बदलते. आणि आकार बदलणें व हिंडणें हा तर कर्करोगी पेशीचा स्वभावच. ‘बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन’ हें शरीराच्या संरक्षक यंत्रणेशीं निगडित, म्हणून विषाणूंनीं सुजलेल्या यकृतांत त्याच्यावर विसंबणें धोक्याचें.

यांतून प्रत्यक्ष काय बिघडतें, तें एका हिशेबानें स्पष्ट होईल. समजा, एक जनुक निरोगी यकृतांत व गांठींत अगदीं सारखेंच काम करीत आहे, पण गांठींत जीएपीडीएच चौपट वाढलें आहे. भागाकार केला कीं पहिलें जनुक गांठींत एकचतुर्थांश झालेलें दिसेल. रोग्याच्या शरीरांत जें घडलेंच नाहीं, तें शोध म्हणून छापलें जाईल, आणि त्या जनुकास कर्करोग रोखणारें ठरवून कोणी त्यामागें वर्षें घालवील. २०१३ मध्यें फ्रेंच संशोधकांनीं पांच जनुकांच्या मोजणीवरून, यकृताची गांठ कापून काढल्यावर रोगी किती जगेल याचा अंदाज बांधण्याची पद्धति प्रसिद्ध केली. मोजणी रोग्याच्या आयुष्याला अशी जाऊन भिडल्यावर गजाचा दोष केवळ प्रयोगशाळेपुरता राहत नाहीं.

मग स्थिर जनुक ओळखावें तरी कसें? त्याची स्थिरता मोजण्यासाठीं दुसरें स्थिर जनुक हवें, आणि त्यासाठीं तिसरें! हा फेरा बेल्जममधील गेंट येथें व्हांडेसोम्पेले व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं चतुराईनें तोडला. दोन जनुकें खरोखर स्थिर असतील तर नमुना कोणताहि असो, त्यांचें परस्पर गुणोत्तर कायम राहिलें पाहिजे. त्यांनीं १३ प्रकारच्या ऊतकांतील ८५ नमुन्यांत १० जनुकें मोजलीं, प्रत्येकाची उरलेल्या सर्वांशीं तुलना केली, सर्वांत चंचल तें वगळलें, पुन्हां तुलना केली, आणि शेवटीं टिकलेल्या जनुकांची भूमितीय सरासरी हेंच माप मानलें. एकाच जनुकावर विसंबल्यास चारांपैकीं एका प्रसंगीं तिपटीची व दहांपैकीं एका प्रसंगीं ६.४ पटींची चूक होऊं शकते, असें त्यांस आढळलें.

या युक्तींतहि एक छिद्र होतें. दोन जनुकें एकाच हुकमानें चालणारीं असलीं तर तीं बरोबरच वाढतील, बरोबरच उतरतील, आणि त्यांचें गुणोत्तर कायम राहिल्यानें दोघेंहि साळसूद ठरतील. दोन चोरांनीं एकमेकांची जामीनकी घ्यावी, तसा हा प्रकार. डेन्मार्कमधील ऑर्हुस येथील अँडरसन, जेन्सन व ऑर्नटॉफ्ट यांनीं २००४ सालीं, रोगी व निरोगी अशा गटांमधील फरक वेगळा काढून तपासणारी गणिती रीत सुचवून हें छिद्र बरेंच बुजविलें.

यकृताची खरी परीक्षा झाली ती २००७ सालीं. हा कर्करोग बहुधा एकाएकीं उपजत नाहीं. हिपॅटायटिस सी या विषाणूनें – हा विषाणु १९८९ मध्यें ओळखला गेला – यकृत वर्षानुवर्षें सुजतें, त्यांत तंतू भरून तें निबर व गाठाळ होतें, कांहीं पेशी बिघडूं लागतात, आणि मग कर्करोग पायरीपायरीनें बळावतो. म्हणून गांठीशेजारचें यकृत ‘निरोगी’ म्हणून तुलनेस घेणें हेंहि पुष्कळदां चुकीचें असतें. न्यूयॉर्कमधील माउंट सायनाय येथील वॅक्समन व वुर्मबाख यांनीं या आजाराच्या आठ अवस्था घेऊन घरकामी जनुकें तपासलीं. जीएपीडीएच व अ‍ॅक्टिन धरून बहुतेक सर्वांचें काम आजाराबरोबर बदलत होतें. सर्वांत स्थिर निघालें तें पूर्वीं कोणी फारसें न विचारलेलें, आर. एन. ए.ची कापणी-जोडणी करणाऱ्या एका प्रथिनाचें ‘एसएफआरएस-४’ नांवाचें जनुक. त्याच्या जोडीला ‘आरपीएल-४१’ घ्यावें, असा त्यांनीं निर्वाळा दिला.

हा निर्वाळा हिपॅटायटिस सीमुळें झालेल्या कर्करोगापुरता होता. २००८-०९ मध्यें जर्मनी व चीन येथें यकृताच्या कर्करोगासाठीं स्वतंत्र चांचण्या झाल्या, त्यांपैकीं चीनमधील एक हिपॅटायटिस बीच्या रोग्यांवर होती. पण सर्वांचा क्रम एक आला नाहीं. २००९ सालींच बस्टिन व इतर तज्ज्ञांनीं अशा मोजणीचे अहवाल कसे लिहावे याचे नियम प्रसिद्ध केले. कोणतें प्रमाण-जनुक घेतलें व तें त्याच ऊतकांत पारखलें काय, हें सांगणें त्यांनीं आवश्यक ठरविलें. त्या नियमांची सुधारलेली आवृत्ति २०२५ मध्यें निघाली. न्यूयॉर्कच्या त्या जनुकाचें नांव मात्र २०१० सालच्या नव्या नामकरणानें ‘एसआरएसएफ-४’ असें झालें आहे. जुना लेख वाचून त्याचा शोध घेणाऱ्यानें तें दोन्ही नांवांनीं शोधावें.