वानराच्या शेपटीची सीमारेषा

विंचूर म्हटलें कीं पानिपतावरून परतलेले विठ्ठल शिवदेव आणि त्यांची जहागीर आठवावयाची, असा आपला परिपाठ आहे. आज त्याच गांवाच्या वेशीवर उभें राहून मला निराळ्या इतिहासाविषयीं बोलावयाचें आहे. विंचुराच्या दक्षिणेस गोदावरी पूर्वेकडे वाहते. उत्तरेस चांदवडचे डोंगर ओलांडले कीं पाणी गिरणेंतून तापीला मिळतें. ह्या दोन नद्यांचीं नांवें प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत जोडीनें येतात, आणि तीं येतात वानराच्या शेपटीमुळें.

काळ्या तोंडाचा वानर आणि तांबूस तोंडाचें माकड, एवढा भेद आपल्या मुलांनाहि ठाऊक असतो. वानराला शास्त्रीय नांव मिळालें १७९७ सालीं, फ्रान्समधील द्युफ्रेन यांच्याकडून. तें 'एंटेलस', रोमन महाकाव्यांतील एका वृद्ध मुष्टियोद्ध्याचेंहि नांव हेंच. आम्ही ज्याला मारुतिरायाचा वंशज मानतों त्याच्या वांट्यास परका मल्ल आला, असो.

पुढें दीर्घकाळ विद्वानांनीं वानर ओळखला तो मुख्यतः कातड्यावरून. १९११ सालीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें हिंदुस्थानांतील सस्तन प्राण्यांची पाहणी आरंभिली. तिचें पहिलें क्षेत्र आपला शेजारचा खानदेश. क्रंप नांवाचे संग्राहक रानोमाळ हिंडून प्राणी मिळवीत. अशा पाहणींत प्राण्याचें कातडें व कवटी जपून ठेवीत आणि सोबतच्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नर कीं मादी, व शेपटीची लांबी लिहीत. लांबी असे, पण जिवंत जनावर ती शेपटी कोणीकडे वळवून चालत होतें, हें चिठ्ठींत नसे, आणि वाळलेलें कातडें तें सांगूं शकत नाहीं. अशाच संग्रहांच्या आधारें पोकॉक यांनीं १९३९ सालीं वानराची एक जाति व तिच्या पुष्कळ उपजाति मांडल्या. रंगाची छटा, केंसांची ठेवण, हातापायांचा काळेपणा हीं त्यांचीं गमकें. काम मोठ्या कष्टाचें होतें, यांत शंका नाहीं.

जोधपूरचे डॉ. मि. ला. रुणवाल हे मूळचे टोळांचे अभ्यासक. १९५६ ते १९६५ पर्यंत भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक. त्यांनीं चालता वानर पाहिला. उत्तरेकडील वानर चालतांना शेपटी पाठीवरून कमानीसारखी पुढें, डोक्याकडे नेतो. दक्षिणेकडील ती वर उचलून मागें सोडतो. या दोन तऱ्हांमधील रेघ स्थूलमानानें तापी व गोदावरी यांच्या कडेनें जाते. नकाशा काढणाराची लेखणी एका नदीवरून दुसरीवर उडी घेते तो पट्टा आपल्याच बाजूचा. रुणवाल आणि मोहनोत यांचा दक्षिण आशियांतील वानरवर्गावरील ग्रंथ १९७७ सालीं हार्वर्ड विद्यापीठानें प्रसिद्ध केला. त्यांत परिसर, वर्तन व समाजजीवन यांचा एकत्र विचार आहे.

शेपटी इकडे कीं तिकडे, यावरून का जात ठरवावयाची? हा प्रश्न रास्त आहे. ती नुसती लकबहि असूं शकेल. परंतु २०१० सालीं प्रवीण कारंथ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आनुवंशिक द्रव्य तपासलें, तेव्हां उत्तरेचे व दक्षिणेचे वानर निरनिराळ्या शाखांत पडले. तरीहि नदीची रेघ आणि नांवाची रेघ एकच, असें समजण्याची घाई मी करणार नाहीं. ग्रोव्ह्ज यांनीं २००१ सालीं वानराच्या सात जाति केल्या व पश्चिम आणि मध्य भारतांतील बऱ्याच वानरांना 'दुसुमिएरी' म्हटलें. तें नांव पुढें टिकलें नाहीं, आणि त्याखालचा पुष्कळसा प्रदेश पुन्हां 'एंटेलस'च्या खात्यांत गेला.

माकडांची वांटणीहि जवळपास ह्याच नद्यांवर झालेली: उत्तरेस ऱ्हीसस, दक्षिणेस डोक्यावर केंसांची टोपी असलेलें माकड. पण २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकून दुसऱ्याची जागा घेत असल्याचें आढळलें.

तेव्हां विंचुराहून चांदवडकडे जातांना वानर दिसलाच, तर त्याची शेपटी कोणीकडे वळली आहे तें तारखेसह वहींत टिपून ठेवावें. मात्र तो चालत असला पाहिजे. बसलेल्याची शेपटी खालीं लोंबते, आणि तिच्यावरून कांहींच कळत नाहीं.