विद्येची मुदत

विद्येस वेळेचें बंधन असावें कीं नसावें, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु शिकणाऱ्याच्या साऱ्या आयुष्यावर त्याची छाया पडते. आम्ही कोपरखैरण्यास राहतों. माघ सरून फाल्गुन लागला कीं आमच्या सभोंवारच्या लहान लहान घरांच्या ओळींतून मध्यरात्र उलटली तरी दिवे जळत असतात, आणि सकाळीं स्टेशनाकडे जाणारीं मुलें चालतां चालतां वहीचीं पानें उलटीत असतात. हें दृश्य पाहून कांहींस मुलांच्या उद्योगाचें कौतुक वाटतें, तर कांहींस या घोकंपट्टीची कींव येते. पंचवीसांहून अधिक वर्षें अध्यापन केल्यावर आम्हांस हल्लीं दोन्ही वाटूं लागलें आहे. त्याचें कारण शेवटीं सांगूं. तूर्त आपल्या महाराष्ट्रांत विद्या आणि तारीख यांची गांठ कशी पडली, तें इतिहासाच्या आधारें पाहूं.

जुन्या पाठशाळेंत वर्ष हें विद्येचें माप नव्हतें. ग्रंथ हें माप होतें. मुलगा कितव्या इयत्तेंत आहे असें कोणी विचारीत नसे; त्याची कौमुदी झाली काय, त्यास न्याय लागला काय, असें विचारीत. बुद्धिमान् मुलगा दोन वर्षांत पुढें जाई, मंद मुलगा पांच वर्षें तेथेंच राही, आणि त्यांत कोणास लाज वाटण्याचें कारण नसे. अर्धवट समजलेल्या पायावर पुढची इमारत उभारण्याची सक्ती नव्हती, हा या पद्धतीचा मोठा गुण. पण कोठें थांबावें हेंही कोणी सांगत नसे; एकाच शास्त्राच्या एकाच कोपऱ्यांत केस पांढरे होऊन जात, आणि बाहेरचें जग बदललें याची वार्ताही तेथवर पोंचत नसे.

त्या काळीं तारीख मुळींच नव्हती असें मात्र नाहीं. तळेगांवच्या दाभाड्यांनीं सुरू केलेली श्रावणमासची दक्षिणा पुढें पेशव्यांनीं पुण्यास चालविली. दूरदूरचे ब्राह्मण त्यासाठीं जमत, आणि विद्वानांची योग्यता पाहून त्यांस दक्षिणा मिळे. कालांतरानें या दानांत विद्येपेक्षां गर्दीच अधिक झाली, हें खरें. तथापि श्रावण दरवर्षीं येतो. यंदां नाहीं तर पुढल्या श्रावणांत, असें विद्यार्थ्यास म्हणतां येई. त्या तारखेनें त्याच्या विद्येचें दार उघडत असे; तें कायमचें बंद होत नसे.

१८१८ सालीं राज्य गेलें. एल्फिन्स्टननें दक्षिणा अजिबात बंद न करतां ती पन्नास हजार रुपयांवर आणली, आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं पुण्याच्या विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली. पुढें त्याच दक्षिणेच्या पैशांतून १८५१ पासून मराठी ग्रंथांस बक्षिसें मिळूं लागलीं, आणि कॉलेजांतील हुशार तरुणांस दक्षिणा-फेलो म्हणून नेमण्याचा प्रघात पडला. या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. तिचें काम पुढें आहे.

१८ जुलै १८५७ रोजीं मुंबई विश्वविद्यालय स्थापन झालें आणि विद्येस खरी मुदत लागली. पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ सालीं झाली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे तींत उत्तीर्ण झाले. १८६२ सालीं पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली, तींतही हे दोघे होते. या नव्या व्यवस्थेचा मोठेपणा कबूल केला पाहिजे. तारीख आगाऊ जाहीर होई, सर्वांस एकच प्रश्नपत्रिका मिळे, आणि कोणाचा मुलगा कोण हें त्या कागदावर लिहिलेलें नसे. ज्याच्या मागें वशिला नाहीं त्यास अशी तारीख हाच आधार असतो.

परंतु या आधाराची किंमतही द्यावी लागली. रानड्यांनीं १८६४ सालीं एम्. ए. व १८६६ सालीं एल्एल्. बी. या पायऱ्या चढल्या. त्या वर्षांतील वाचनाचा सारा भार डोळ्यांवर पडला आणि त्यांची दृष्टि जन्मभर अधू राहिली. पुढें आपल्या पदवीधरांचे अकाली मृत्यु पाहून ज्यांचें मन व्यथित झालें, आणि ज्यांनीं त्याच्या कारणांचा शोध केला, त्यांत रानडेच अग्रभागीं होते. पहिल्याच तुकडीच्या मानकऱ्यास हें करावें लागलें, यांतच सर्व आलें.

आतां भांडारकरांकडे पाहूं. परीक्षा त्यांनींही दिल्या, आणि वेळेवर दिल्या. पण त्यांस दक्षिणा-फेलोची जागा मिळाली होती, आणि ज्या संस्कृत विद्येनें त्यांचें नांव युरोपांत गाजलें, ती त्यांनीं पुष्कळशी स्वतः वाचून व जुन्या शास्त्र्यांपाशीं बसून मिळविली. व्याकरण आणि न्याय ते ग्रंथ लागेपर्यंत शिकले; तेथें घड्याळ नव्हतें. एका हातीं विश्वविद्यालयाची तारीख, दुसऱ्या हातीं जुन्या दक्षिणेनें विकत घेतलेली सवड, अशा संगमावर तो पंडित उभा राहिला. आमच्या मतें या साऱ्या इतिहासांतील हाच सर्वांत शिकण्यासारखा प्रसंग होय.

तारखेचें दुसरें रूप याहून कठोर आहे. १८६९ सालीं लंडनच्या सिव्हिल सर्व्हिस परीक्षेंत चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले: रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यांतील श्रीपाद बाबाजी ठाकूर. वयाची मर्यादा एकवीस वर्षांची होती. सुरेंद्रनाथांनीं मॅट्रिकच्या वेळीं आपलें वय सोळा लिहिलें होतें. आपल्याकडे सोळावें लागलें कीं सोळा म्हणण्याची रीत. विलायतेंत सोळा पुरीं झाल्यावर सोळा म्हणतात. एवढ्या फरकावर आयोगानें सुरेंद्रनाथ व ठाकूर या दोघांचींही नांवें यादींतून काढलीं. सुरेंद्रनाथांनीं इंग्लंडच्या न्यायासनापुढें दाद मागितली, आणि अखेर दोघांसही आपापल्या जागा परत मिळाल्या. परीक्षा उतरूनही केवळ वर्ष मोजण्याच्या दोन रीतींमुळें दोन आयुष्यें बुडतां बुडतां वांचलीं!

पण गोष्ट येथेंच संपत नाहीं. १८७६ सालीं लॉर्ड सॉल्सबरीनें वयाची मर्यादा एकवीसावरून एकोणिसावर आणण्याचें ठरविलें. परीक्षा लंडनांत, भाषा परकी. म्हणजे हिंदी मुलानें पंधरा-सोळाव्या वर्षीं समुद्र ओलांडला तरच कांहीं आशा. कायद्यानें कोणासही मनाई केली नव्हती. केवळ दोन वर्षें कमी केलीं होतीं. या दोन वर्षांविरुद्ध सुरेंद्रनाथांनीं १८७७ सालीं हिंदुस्थानभर दौरा काढला. मर्यादा पुन्हां वर जाऊन तेविसांवर येण्यास १८९२ साल उजाडलें, आणि हिंदुस्थानांत ही परीक्षा देण्याची सोय होण्यास १९२२. तात्पर्य, मुदत ही नेहमींच विद्येची परीक्षा करीत नाहीं. कधीं कधीं कोणीं शिकावें हेंच ती मुकाट्यानें ठरविते.

मुदतीस न जुमानणारेही आपल्यांत झाले. टिळकांनीं डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष तालीम आणि पोहणें यांत घालवून शरीर कमावलें, आणि परीक्षेची पर्वा केली नाहीं. मंडालेचीं सहा वर्षें त्या शरीरानें काढलीं, हें ध्यानांत घेतां तें वर्ष फुकट गेलें असें कोण म्हणेल? राजवाड्यांस मॅट्रिकनंतर बी. ए. होण्यास सुमारें आठ वर्षें लागलीं. नेमलेल्या पुस्तकांपेक्षां आपल्या आवडीचे ग्रंथ त्यांस प्रिय होते. १८९८ सालीं त्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड काढला, आणि पुढें बावीस खंड झाले. मात्र या उदाहरणांचा आधार घेऊन आळस करणाऱ्या तरुणांस आम्ही इतकेंच सांगूं कीं, राजवाडे वर्गांत बसले नसतील, पण वाचावयाचे थांबले नव्हते.

उलट बाजूस डॉ. केतकरांचा ज्ञानकोश पाहावा. मंडळी स्थापून, वर्गणीदारांस वचन देऊन त्यांनीं हें काम अंगावर घेतलें, आणि पैशाची ओढाताण सोसून सुमारें एका तपांत तेवीस खंड पुरे केले. हें बंधन त्यांच्यावर कोणीं लादलें नव्हतें; त्यांनीं तें वाचकांस दिलेल्या शब्दानें स्वतःवर घालून घेतलें. एवंच, मुदत वाईट कीं चांगली हा प्रश्न अपुरा आहे. ती कोणीं घातली, कशासाठीं घातली, आणि चुकल्यास दार कायमचें बंद होतें काय, हें विचारलें पाहिजे.

आतां आमच्या हातून घडलेली गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील, येथल्याच गांवची एक मुलगी, खाडीकांठच्या मिठागरांवर निबंध लिहीत होती. १९७० सालीं सिडको स्थापन झाल्यावर या भागांतील गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं गेल्या, हें सर्वांस ठाऊक आहे; पण त्यापूर्वीं मिठावर जगणारीं माणसें कशीं राहत, हें लिहिणारें कोणी नव्हतें. निबंध चार दिवस उशिरां आला. "सर, आजोबा आजारी होते. बरें वाटलें कीं सांगतों म्हणाले, म्हणून थांबलें," ती म्हणाली. नियम सर्वांस सारखा, असें म्हणून आम्हीं तो न वाचतां परत केला. ती कांहीं बोलली नाहीं.

पुढल्या पावसाळ्यांत ती तेच कागद घेऊन पुन्हां आली. गुण नकोत, फक्त वाचा, असें म्हणाली. आजोबा वारले होते. भरतीचें पाणी कसें घेत, बांध कोण घाली, मीठ कोणत्या महिन्यांत काढीत, मजुरीचा हिशेब कसा होई, सारें त्या पानांत होतें. इतकीं वर्षें त्याच भूमीवर राहून आम्हांस त्यांतलें कांहींही माहीत नव्हतें. त्या मुलीपुढें दोन मुदती होत्या. एक आमची आणि एक त्या वृद्धाची. आमची पुढें ढकलतां आली असती, त्याची येत नव्हती. कोणती पाळावी हें तिला कळलें. इतिहासाच्या अध्यापकास कळलें नाहीं.

तेव्हांपासून आम्हीं तारीख सोडलेली नाहीं. ती सोडली तर ज्यांनीं रात्री जागून वेळ पाळली त्यांच्यावर अन्याय होईल. पण गुणांची तारीख आणि वाचनाची तारीख या दोन वेगळ्या केल्या आहेत. उशिरां आलेल्या कागदास गुण कमी मिळतात. परंतु तो वाचल्याशिवाय परत जात नाहीं. यंदां नाहीं तर पुढल्या श्रावणांत, एवढी सवड जुन्या रमण्यांतही होती.